शिंकांवर औषध की ऑपरेशन?

पाऊस पडला, रानात गवत फुलले, की काही जणांच्या शिंका सुरू होतात. एकामागून एक दहा-वीस शिंका! नाक गळते. डोळे खाजतात. रात्री नाक चोंदते, झोप लागत नाही. ताप मात्र नसतो. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. ही महिना महिना मुक्काम करते.

एखाद्याला वांगे सोसत नाही, अंगाला खाज सुटते. तसे या नाकाला धुळीचे किंवा फुलांतल्या परागाचे वावडे असते. डॉक्टर याला अ‍ॅलर्जी म्हणतात. आपल्या बांधावरचे गाजर गवत पाहा. ते आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. आता कुठे नाही? त्याचा पराग वाऱ्याने नाकात जातो. शरीराला वाटते, शत्रू आला! मग नाक आतून सुजते, पाणी सुटते. शेजारच्या माणसाला तोच पराग काही करत नाही.

अशा वेळी कोणी तरी सांगतो, "नाकाचं हाड वाढलंय. ऑपरेशन करून टाक, कटकट मिटेल." लगेच शेळी विकायची तयारी सुरू होते.

जरा थांबा. पुष्कळदा हाड वाढलेले नसतेच. नाकात दोन्ही बाजूंना मांसल वळकट्या असतात, त्या सुजून वाट बुजते. कोणाचा मधला पडदा वाकडा असतो. ऑपरेशनने वळकट्या लहान करता येतात, पडदा सरळ करता येतो. वाट मोकळी होते. पण वावडे कापून निघत नाही. पाटातला गाळ काढला, आणि वरून गाळ येतच राहिला, तर काय होईल?

म्हणून आधी औषध. सेटिरिझिनसारख्या गोळीने शिंका आणि खाज कमी होते. गुंगी आली तर त्या दिवशी ट्रॅक्टर चालवू नये. नाक चोंदत असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा फवारा देतात. लोक फसतात ते इथेच. दोन दिवस मारतात, गुण नाही म्हणून फेकून देतात. अहो, पुरता गुण यायला एक-दोन आठवडे लागतात! फवारा रोज मारावा. मान थोडी खाली घ्यावी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारावा, डावीत उजव्या हाताने. म्हणजे टोक मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला वळते.

नाक झटकन उघडणारे थेंबही मिळतात. ते चार-पाच दिवसांपलीकडे घालू नयेत. नाही तर थेंब सोडले की नाक जास्तच चोंदते.

सांगितले तितके दिवस औषध नीट घेऊनही नाक बंदच राहिले, तर ऑपरेशनचा विचार करावा. पडदा फार वाकडा असेल, आत कोंब असतील, तर त्याचा उपयोग होतो. पैसे भरण्याआधी विचारावे, "डॉक्टरसाहेब, नाक कशानं बंद आहे? नंतरही फवारा लागेल का?" पुष्कळांना लागतो.

एकच नाकपुडी सारखी बंद असेल, रक्त किंवा घाण वास येत असेल, तर गोळ्या खात बसू नये. लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. छातीत घरघर होत असेल तर तेही सांगावे. या वावड्याच्या जोडीला काहींना दमाही असतो.

आणि गाजर गवत फुलण्याआधीच मुळासकट उपटावे. उघड्या हातांनी नको, कातडीलाही त्याची खाज सुटते. नाकातोंडावर फडके बांधावे. ज्याला शिंकांचा त्रास आहे, त्याने हे काम घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवावे.