पाकळीचा ल आणि वाचकाचा अधिकार

तेरेखोलचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि पुढे त्याच्या अंगणात सेंट अँथनीचे चर्च उभे राहिले. धनी पालटला, वास्तूचे अंतरंग पालटले, आणि तो पालट सर्वांनाच दिसू लागला. संगणकावरील संकेतस्थळाची गोष्ट निराळी आहे. तेथे धनी न होताही वाचकास आपल्यापुरता फेरफार करता येतो. तो कसा, आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपण संकेतस्थळ उघडतो तेव्हा दूरच्या संगणकावरून तयार चित्र येत नाही. येतो तो मजकूर, आणि त्यासोबत काही सूचना : अक्षर केवढे असावे, रंग कोणता असावा, कळ दाबल्यावर काय घडावे. या सूचना वाचून पृष्ठ रचण्याचे काम आपल्याच यंत्रावरील ब्राउझर करतो. मूळ प्रत दूर, जशीच्या तशी राहते. आपल्या हाती येते ती नक्कल. म्हणूनच त्या सूचनांत स्वतःच्या चार सूचना मिसळण्यास वाचकाला वाव असतो.

हा वाव म्हणजे पळवाट नव्हे. पृष्ठाच्या वेशभूषेची जी भाषा 'सीएसएस' या नावाने ओळखली जाते, तिची कल्पना होकॉन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. १९९६ च्या पहिल्या प्रमाणातच लेखकाबरोबर वाचकाच्या सूचनांनाही स्थान होते. दोघांनीही आपापली सूचना 'महत्त्वाची' ठरविली, तर त्या काळी लेखकाची चाले. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणाने हा क्रम उलटवून अखेरचा शब्द वाचकाला दिला. कारण उघड आहे. मंद दृष्टीच्या माणसाला मोठे अक्षर ही हौस नसून गरज असते.

वेश बदलणे ही पहिली पायरी. पृष्ठाची घडण व वर्तन बदलणे ही दुसरी. त्यासाठी छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, लिहावी लागते. ब्राउझरला जोडावयाच्या अशा पूरक साधनांना ॲड-ऑन म्हणतात. आरन बूडमन यांनी २००५ च्या सुमारास फायरफॉक्ससाठी केलेले ग्रीसमंकी हे ॲड-ऑन वाचकाच्या स्क्रिप्ट चालविण्यासाठीच होते. टॅम्परमंकी हे त्याच जातीचे पुढचे साधन होय.

आता आपल्या लिपीतील एक उदाहरण घेऊ. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो. श चेही असेच दोन आकार आहेत. परंतु युनिकोडमध्ये दोन्ही आकारांना क्रमांक एकच. कित्येक टंकांत दोन्ही रूपे साठविलेली असतात, आणि कोणते दाखवावे हे पृष्ठाच्या आरंभी केलेल्या भाषेच्या नोंदीवरून ठरते. हिंदीसाठी 'एच-आय', मराठीसाठी 'एम-आर' अशी ती दोन अक्षरी नोंद असते. मराठी पृष्ठ रचणाऱ्याने ती चुकीची केली, किंवा मुळीच केली नाही, तर अस्सल मराठी मजकूरही हिंदी वळणाने समोर येतो. अशा वेळी 'या पृष्ठाची भाषा मराठी समज' अशी एका ओळीची स्क्रिप्ट पुरेशी होते. टंकात मराठी रूप असेल, तर पाकळीचा ल तत्क्षणी उमटतो. गोव्यात मराठी, कोकणी व हिंदी या तिन्ही भाषा देवनागरीत वाचल्या जातात; तेव्हा हे उदाहरण आपल्यास परके नाही.

परंतु जी आज्ञावली पृष्ठ बदलू शकते, ती पृष्ठ वाचूही शकते. आपण टंकलेला परवलीचा शब्द तिला दिसतो, आणि आपल्या नावाने ती कळही दाबू शकते. पृष्ठांचा वेश बदलणारे स्टायलिश हे लोकप्रिय ॲड-ऑन वापरणाऱ्यांनी कोणकोणती पृष्ठे पाहिली त्याची नोंद गोळा करते, हे २०१८ मध्ये उघडकीस आले आणि मोझिला व गूगल यांनी ते काही काळ आपल्या भांडारांतून दूर केले. म्हणून दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट वाचून, समजून मगच स्वीकारावी. ती कोणत्या पत्त्यांवर चालेल हे तिच्या आरंभीच लिहिलेले असते. तेथे हवे तेवढेच संकेतस्थळ नमूद करावे. बँकेच्या पृष्ठांपासून तर तिला दूरच ठेवावे.

आणखी एक मर्यादा नीतीची आहे. परीक्षेच्या निकालाच्या पृष्ठावर ३५ चे ८५ करणे हा स्क्रिप्टच्या हातचा मळ आहे. मंडळाच्या दप्तरी मात्र ३५ च राहतात. असे पृष्ठ कोणास दाखवून फसविणे ही लबाडीच होय. आणि हे इतके सोपे आहे म्हणूनच दुसऱ्याने पाठविलेल्या पृष्ठाच्या चित्रावर एकाएकी विश्वास ठेवू नये. मूळ स्थळी जाऊन खातरजमा करावी.

सारांश, संकेतस्थळ जसे समोर आले तसेच निमूटपणे स्वीकारण्याचे बंधन वाचकावर नाही. आपल्या डोळ्यांना सोसेल आणि आपल्या लिपीला शोभेल असे रूप त्याने त्याला अवश्य द्यावे. रूप आपल्या सोयीचे करावे. मजकुरातील सत्याला मात्र हात लावू नये.