भावाची फाईल मोबाईलवर ठेवावी का?

प्रश्न : माझ्या भावाला बायपोलर आजार आहे, आठ वर्षांपासून लिथियम सुरू आहे. घर बदलताना जुनी फाईल भिजली. आता डॉक्टर 'आभा' (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, म्हणजे डिजिटल आरोग्य खातं) काढा म्हणतात. आजाराचा बोभाटा होईल अशी आईला भीती वाटते. काय करावं?
– एक बहीण, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, आभा जरूर काढा. लिथियमचं रक्तातलं प्रमाण थोडं वाढलं तरी हात थरथरतात, तोल जातो. म्हणून त्याची पातळी, थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या ठरावीक काळाने होतात, आणि आजच्या आकड्यापेक्षा मागच्या पाच-सहा आकड्यांचा कल जास्त बोलतो. भिजलेल्या कागदावर तो दिसत नाही. शिवाय गुडघा दुखला म्हणून कुणी डायक्लोफिनॅक लिहून दिलं, तर लिथियम वाढू शकतं. समोर नोंद असेल तर तो डॉक्टर थबकेल. घाटी रुग्णालयात रात्री तातडीने जावं लागलं, तर घाबरलेल्या आईला गोळ्यांची नावं आठवतील का?

आईंची भीती मी हलक्यात घेत नाही. लग्न, नोकरी, शेजार, सगळं त्यात येतं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधला गोपनीयतेचा हक्क डिजिटल नोंदींनाही लागू आहे. आभा ऐच्छिक आहे; नोंद दाखवायला भावाची संमती लागते, आणि ती मागेही घेता येते. म्हणून हा निर्णय भावालाच घेऊ द्या, मोबाईलचा पिनही त्याच्याकडेच असू द्या.

भिजलेले कागद मात्र टाकू नका. सावलीत वाळवून फोटो काढा, आणि त्याच कायद्याने मिळालेल्या हक्कानुसार जुन्या दवाखान्यात नोंदींच्या प्रतींसाठी भावाच्या सहीचा अर्ज द्या.