खडकीचा धनराज

धुळे, चाळीसगाव किंवा जळगावाकडून कल्याण-लोणावळ्याच्या मार्गाने पुण्यास जाऊ लागले, म्हणजे पुणे स्थानक येण्यापूर्वी खडकी नावाचे स्थानक लागते. खडकीस लष्कराची छावणी आहे; दारूगोळ्याचा मोठा कारखानाही आहे. याच खडकीत १६ जुलै १९६८ रोजी धनराज पिल्ले यांचा जन्म झाला. घराणे मूळचे तमिळ. पण धनराज वाढला तो महाराष्ट्राच्या मातीत.

वडील मैदानाची देखभाल करण्याचे काम करीत. मिळकत बेताची आणि घरात भावंडे पुष्कळ. अशा घरात नवी हॉकीची काठी कोठून येणार? मोठ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या काठ्या मुले उचलून आणीत, त्या दोरीने घट्ट बांधीत आणि टाकाऊ चेंडूने खेळत. पावसाळ्यात मैदानावर चिखल होई, तरी खेळ थांबत नसे. त्या काळी बनारसचे महंमद शाहिद हे आपल्या चपळ खेळाबद्दल देशभर प्रसिद्ध होते. शाहिद चेंडू कसा नेतात, प्रतिपक्षाला कसा चकवा देतात, हे धनराज मनात साठवी आणि खडकीच्या मैदानावर तसे करून पाही.

मुलांनो, हॉकीच्या संघात अकरा खेळाडू असतात. काही आपल्या गोलाचे रक्षण करतात, काही मध्यभागी राहून चेंडू पुढे पुरवतात आणि काही प्रतिपक्षावर चाल करून जातात. या शेवटच्यांस आघाडीचे खेळाडू म्हणतात. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बास्केटबॉलमध्येही आघाडीची जागा असते. पण तेथे चेंडू हातांनी खेळतात. हॉकीत तो काठीच्या केवळ सपाट बाजूने खेळावा लागतो. शिवाय गोलासमोरच्या अर्धवर्तुळात शिरून चेंडू मारल्याखेरीज गोल धरत नाहीत. म्हणून आघाडीच्या खेळाडूपाशी वेग हवा, हातात नजाकत हवी आणि आपल्याहून सोयीच्या जागी उभ्या असलेल्या सोबत्यास चेंडू देण्याचे मनही हवे. धनराज यांच्यापाशी हे तिन्ही गुण होते.

थोरले बंधू रमेश मुंबईस हॉकी खेळत असत. त्यांच्या पाठोपाठ धनराजही मुंबईस गेले. १९८९ साली दिल्ली येथे झालेल्या आशिया चषक स्पर्धेत त्यांनी भारताच्या संघातून पहिले पाऊल टाकले. त्यानंतर पंधरा वर्षे ते देशासाठी धावत राहिले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा ते खेळले. परदेशांतील संघांनीही त्यांना मानाने बोलावून नेले.

परंतु हा काळ भारतीय हॉकीच्या भरभराटीचा नव्हता. १९८० पर्यंत भारताने ऑलिंपिकमध्ये हॉकीची आठ सुवर्णपदके मिळवली होती. मात्र हिरवळीऐवजी कृत्रिम पृष्ठभागावर सामने होऊ लागले होते. तशी मैदाने आपल्याकडे थोडी, म्हणून आपले खेळाडू मागे पडले. अशा पडत्या काळात धनराज यांच्या खांद्यावर आघाडीचा भार आला.

१९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी १-१ अशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी कोरियाचे फटके अडवले आणि भारताने ४-२ असा विजय मिळवला. बत्तीस वर्षांनी हे सुवर्णपदक आपल्याकडे आले. पण आनंद फार दिवस टिकला नाही. थोड्याच दिवसांत धनराज यांच्यासह संघातील अनेकांना वगळण्यात आले. खेळाडूंना विश्रांती दिली आहे, असे कारण सांगितले गेले. भत्त्याविषयी तक्रार केल्याचेच हे फळ, असे मात्र पुष्कळांना वाटले. धनराज यांच्या मनाला हे लागले. तथापि त्यांनी काठी खाली ठेवली नाही. ते पुन्हा संघात आले.

२००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये याहून कठीण प्रसंग ओढवला. पोलंडला हरवले की उपांत्य फेरी गाठता येणार होती. भारत एका गोलाने पुढे होता. सामना संपत आला असता पोलंडने गोल केला, बरोबरी झाली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या दिवशी धनराज यांना अश्रू आवरले नाहीत. चार ऑलिंपिक खेळूनही त्यांना ऑलिंपिकचे पदक लाभले नाही.

मग त्यांचे श्रम वाया गेले काय? २००३ साली क्वालालंपूर येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे नमवून प्रथमच आशिया चषक जिंकला. तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. खेलरत्न व पद्मश्री हे सन्मानही त्यांना मिळाले. ते २००४ साली आपले चौथे ऑलिंपिक खेळले. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०२१ साली टोकियो येथे भारताने हॉकीत पुन्हा ऑलिंपिक पदक मिळवले. त्या संघात धनराज नव्हते. पण पडत्या काळात ज्यांनी हा खेळ लोकांच्या मनातून जाऊ दिला नाही, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

पदक गळ्यात पडते, ते एका दिवसाचे यश होय. पदक मिळो वा न मिळो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरणे, हे धनराज यांचे खरे मोठेपण.

शब्दार्थ
बेताची – जेमतेम पुरेल इतकी
प्रतिपक्ष – विरुद्ध संघ
नजाकत – कौशल्यपूर्ण नाजूकपणा
उपांत्य – शेवटच्या आधीची

स्वाध्याय
१. धनराज लहानपणी कोणत्या साधनांनी खेळत असे?
२. आघाडीच्या खेळाडूच्या अंगी कोणते तीन गुण असावे लागतात?
३. 'हातातोंडाशी आलेला घास जाणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून तो वाक्यात योजा.
४. ऑलिंपिक पदक न मिळताही धनराज थोर का ठरतात? तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळी लिहा.