गाडी पळतेय ते दिसू दे

पोरी, फ्रान्समधल्या ल माँ क्लासिकचं तिकीट काढलंस हे ऐकून बरं वाटलं. लगेच ‘आत्या, कोणती लेन्स नेऊ?’ म्हणून विचारलंस. लेन्सचं मागाहून बघू. आधी एक गोष्ट मनात पक्की कर. तिथल्या गाड्या वयानं म्हाताऱ्या असल्या तरी निवृत्त झालेल्या नाहीत. मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत गाड्या नटूनथटून उभ्या असतात, फार तर मिरवत चार रस्ते फिरतात. त्यामुळे बॉनेटवरची चकाकी टिपायची सवय आपल्या हाताला लागते. ती सवय घरी ठेवून जा. तिथं बेंटली, बुगाटी, जग्वार, फेरारी खरोखरीच्या ट्रॅकवर, रात्रीअपरात्री, पूर्ण वेगात सोडतात. तुझ्या फोटोत तो वेग दिसला नाही तर एवढा प्रवास कशाला करायचा? उभ्या गाड्यांचे फोटो कुठल्याही संग्रहालयात मिळतात.

तिथं काय होतं ते थोडक्यात सांगते. ल माँची चोवीस तासांची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली. जुन्या गाड्यांचा हा सोहळा २००२ पासूनचा. मूळ शर्यतीचाच १३.६२६ किलोमीटरचा सार्तचा ट्रॅक, त्यातला बराचसा भाग एरवी रहदारीचा रस्ता. गाड्या काळाप्रमाणे गटांत विभागतात आणि शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत हे गट आळीपाळीनं पळवतात. म्हणजे प्रत्येक गट तुला दिवसाही दिसेल आणि रात्रीही. सगळ्यांच्या मागे धावू नकोस. दोन गट निवड, एखादा महायुद्धाआधीचा आणि एखादा साठ-सत्तरच्या दशकांतला, आणि त्यांच्या वेळा हातावर लिहून ठेव. बाकीचे गट डोळ्यांनी बघ.

आता शटर. इथं जरा थांबते, कारण सगळे इथंच अडतात. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला साधारण २८ मीटर जाते. चाकाचा घेर ढोबळ मानानं दोन मीटर धर. म्हणजे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. शटर १/१००० ठेवलंस तर तेवढ्या वेळात ते जेमतेम ५ अंश वळतं. तारांच्या चाकाची तार न् तार मोजता येते आणि गाडी गॅरेजात उभी असल्यासारखी दिसते. १/१२५ ला चाक ४० अंश फिरतं, १/६० ला ८४. तारा विरघळून जातात, चाक फिरतंय हे फोटो बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून बाजूनं जाणाऱ्या गाडीसाठी सुरुवात १/१२५ नं कर, हात बसला की १/६० वर ये. दारावरचा नंबर स्पष्ट वाचता आला की समजायचं पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं, जमलं. अंगावर येणारी गाडी असेल तर १/५०० चालतं, कारण तिथं चाकं फारशी दिसतच नाहीत. तिथं बघायचं ते पुढच्या चाकाचा वळलेला कोन आणि चालकाचे खांदे.

पॅनिंग करताना पाय गाडी येते त्या दिशेला रोवू नकोस. जिथं बटण दाबायचं त्या दिशेला पाय ठेव आणि कमरेतून वळून गाडीला आधीच पकड. मग ती जवळ येईल तशी तू आपोआप सरळ होत जातेस, पीळ सुटत जातो आणि नेमक्या क्षणी अंग सैल असतं. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. गोलंदाज चेंडू सोडल्यावर हात तिथंच अडवतो का? तसंच. लेन्सवर स्टॅबिलायझरचे दोन प्रकार असतील तर आडव्या हालचालीला आड न येणारा निवड. मोनोपॉड ने, ट्रायपॉड नको. गर्दीत तो लोकांच्या पायात येतो.

भर दुपारी एक अडचण येईल. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/६० साठी अ‍ॅपर्चर एफ २० च्या आसपास मिटवावं लागतं. तिथं फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण काळ्या ठिपक्यासारखा उमटतो. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लाव, अ‍ॅपर्चर एफ ७ च्या जवळ येईल. हा फिल्टर आणायला विसरू नकोस. एखादी लेन्स राहिली तरी चालेल.

आणि ते बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेव. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली असते. चाकं लंबगोल होतात, मागचे खांब कलतात. गंमत म्हणजे मोटारशर्यतीचा जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध फोटो याच दोषातून झालाय. झाक लार्तीग नावाच्या फ्रेंच तरुणानं पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्रेंच ग्रां प्रीत तो काढला. त्याच्या कॅमेऱ्याचं पडदा-शटर हळू सरकणारं होतं. गाडीचं चाक पुढे झुकलं, कडेचे प्रेक्षक आणि खांब उलट्या दिशेला, आणि गाडी चौकटीत पुरती मावलेलीही नाही. कितीतरी वर्षं तो फोटो फसलेला म्हणून पडून होता. तो शोधून बघ आणि जाण्याआधी बराच वेळ त्याच्याकडे बघत बस. वेग असा दिसतो. पण लार्तीगची नक्कल बटण दाबून होत नाही, म्हणून तुझं शटर यांत्रिकच राहू दे.

उभं कुठं राहायचं? प्रेसचं जॅकेट तुझ्याकडे नाही, त्यामुळे जाळी आडवी येणार. लेन्स जाळीला अगदी टेकवायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि गाडी लांब असतानाच घ्यायची. तारा विरून जातात. त्यापेक्षा जाळीच्या वरून दिसेल अशी जागा गाठलेली बरी. स्टँडच्या वरच्या रांगा किंवा मातीचे उंचवटे. डनलॉप पुलाजवळ गर्दी फार, पण एकदा जाऊन ये, कारण तिथं चढावर गाड्या एकमेकींना खेटून येतात. मला विचारशील तर इंडियानापोलिस आणि आर्नाज ही जवळजवळची वळणं धर. आर्नाजला गाड्या फार हळू होतात, त्यामुळे १/६० ला, अगदी १/३० लाही घेता येतात, आणि ब्रेक मारताना इंजिनातलं न जळलेलं इंधन धुराड्यातून ज्वाळा होऊन बाहेर पडतं. मुख्य स्टँडपासून हे ठिकाण लांब आहे. जाण्यायेण्यातच बराच वेळ जातो, म्हणून तिथं गेलीस की एक अख्खा गट होईपर्यंत हलू नकोस.

दुपारी लांब लेन्स लावून दूरची गाडी घ्यायला जाशील तर तापलेल्या डांबरावरची हवा फोटो वितळवून टाकते. कितीही महाग लेन्स असली तरी त्याला उपाय नाही. ते काम सकाळी कर.

आणखी एक बारकावा. हा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणून शर्यतीच्या कितीतरी गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, आपल्याकडे बसतो तसा. फोर्ड जीटी४०, पोर्शे ९१७, दोन्ही तशाच. उजव्या वळणाच्या आतल्या बाजूला जागा मिळाली तर चालक तुझ्या बाजूला येतो आणि त्याचे हात दिसतात. महायुद्धाआधीच्या उघड्या गाड्यांत तर कोपरापर्यंत सगळी झटापट दिसते. तोच फोटो. नुसती गाडी कोणीही काढेल.

इंजिन कुठं आहे तेही बघ. पुढे इंजिन असलेल्या गाडीनं ही शर्यत शेवटची जिंकली ती १९६२ मध्ये. पुढच्याच वर्षी मागे इंजिन असलेली फेरारी जिंकली आणि जमाना बदलला. पुढे इंजिन असेल तर चालक पार मागे, मागच्या चाकांजवळ बसलेला असतो. अशी गाडी किंचित मागच्या कोनातून घे, लांबच लांब नाक पुढे धावताना दिसतं. मागे इंजिन असलेल्या गाडीत माणूस पुढे सरकलेला असतो, ती पुढच्या कोनातून.

जुन्या पद्धतीची सुरुवातही काही गटांसाठी करून दाखवतात. गाड्या पिटच्या बाजूला तिरक्या रांगेत, चालक समोरच्या बाजूला, इशारा झाला की धावत जाऊन गाडीत उडी. हल्ली ती देखाव्यापुरती असते. पूर्वी खरंच तसेच सुटायचे, घाईत पट्टा न बांधताच. १९६९ मध्ये जॅकी इक्स या पद्धतीचा निषेध म्हणून सगळ्यांच्या मागून सावकाश चालत गेला, नीट पट्टा बांधला, शेवटून निघाला आणि चोवीस तासांनी शर्यत जिंकला. त्याच शर्यतीत पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ हा चालक अपघातात गेला. पुढच्या वर्षीपासून ही धावती सुरुवात बंद झाली. हे माहीत असलं की तू पळणाऱ्या पायांपाशी थांबणार नाहीस, पट्टा ओढणाऱ्या हातांपर्यंत जाशील.

जुलैच्या सुरुवातीला तिथं सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे संध्याकाळी आठनंतरचे दोन तास सोन्यासारखे, त्या वेळी जेवायला जाऊ नकोस. सगळे जातात. अंधार पडल्यावर कॅमेरा मॅन्युअलवर टाक, कारण हेडलाइट समोर आला की कॅमेऱ्याचा मीटर घाबरून सगळं काळं करतो. आयएसओ ३२००, एफ २.८, १/३० नं सुरू कर आणि बाजूनं येणारी गाडी घे. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर सोडू नकोस, दिवसाच्या उजेडावर ठेव. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. जुन्या फ्रेंच गाड्यांचा तो पिवळा रंग ‘ऑटो’ धुऊन पांढरा करून टाकतो, आणि त्याबरोबर काळही जातो. साठ-सत्तरच्या गाड्यांच्या डिस्क ब्रेक लावताना चाकाआड लाल तापलेल्या दिसतात. त्यासाठी वळणाच्या अलीकडे, ब्रेक सुरू होतो तिथं थांब. महायुद्धाआधीच्या गाड्यांना ड्रम ब्रेक, तिथं असलं काही दिसणार नाही. ट्रायपॉड लावून दिव्यांच्या लांब रेघा काढणारे बरेच भेटतील. एखादी काढ, हौस भागव. त्या रेघांत गाडी १९३० ची की कालची, कळत नाही, म्हणून मला त्या आवडत नाहीत.

पहाटे लेन्सवर दव बसतं. हूड काढू नकोस आणि सुती फडकं खिशात ठेव.

पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात त्या आवारात, जायचा पास मिळत असेल तर घेच. तिथं ३५ मिलिमीटरची एक लेन्स पुरे. शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हण, मग कॅमेरा दाखव, मान हलली की काढ. नमस्कार न करता कॅमेरा रोखलेला तिथं कोणाला आवडत नाही. फ्लॅश मारू नकोस, गाडीला हात लावू नकोस आणि ढकलत आणलेल्या गाडीच्या वाटेत तर मुळीच उभी राहू नकोस; इंजिन बंद असल्यानं ती आवाज न करता पाठीवर येते. रविवारी सकाळी मेकॅनिकांचे चेहरे बघ. रात्रभर गिअरबॉक्स उघडून बसलेल्या माणसाच्या नखांतलं तेल हे शर्यतीचंच चित्र आहे. लहान मुलांची छोट्या गाड्यांतली ‘लिटल बिग माँ’ नावाची शर्यतही असते, तिथं गुडघ्यावर बसून काढ.

कानात बोळे हवेतच, पण वळणाशी उभी असताना एका कानातला थोडा सैल ठेव. गिअर उतरवल्याचा आवाज आधी येतो, गाडी मागून. पुढेमागे सत्तरच्या दशकातली ‘मात्रा’ नावाची गाडी येईल. तिचं बारा सिलिंडरचं इंजिन जे किंचाळतं त्यानं दोन्ही बोळे आपोआप आत जातील.

आणि फोटोखालची ओळ. आळशी लोक इथंच पकडले जातात. गल्फ तेल कंपनीच्या फिक्या निळ्या-नारिंगी रंगातली जीटी४० दिसली की ‘ल माँ जिंकलेली गाडी’ असं लिहून मोकळे होतात. तो रंग कुणीही लावू शकतं आणि जीटी४० च्या नकला ढिगानं आहेत. १९६८ आणि १९६९ असं लागोपाठ दोनदा जिंकली ती एकच गाडी, तिचा चॅसी नंबर १०७५. म्हणून पॅडॉकमध्ये प्रत्येक गाडीचा फोटो काढल्यावर लगेच तिच्या शेजारच्या माहितीफलकाचाही एक काढ, नंबरासकट. शर्यतीचं छापील पुस्तक विकत घे आणि रात्री कार्ड रिकामं करताना नंबर त्यातल्या यादीशी ताडून बघ. खात्री नसेल तर फक्त गाडीचा प्रकार आणि साल लिही, विजेत्याचं नाव नको. ते पुस्तक रविवारपर्यंत संपतं असं धरून चाल आणि शुक्रवारीच घे.