सर्व्हरची कोठी आणि तिचा हिशेब

शाळेच्या गच्चीवरील टाकीत पाणी किती उरले हे शिपाईमामा शिडी चढून पाहतात. टाकी एकच असते, म्हणून हे जमते. हजार टाक्या असत्या तर?

सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. आपली छायाचित्रे, निकालपत्रे, पत्रे सर्व्हरच्या डिस्कवर साठतात. 'क्लाउड' म्हणतात तोही आकाशात नसतो. दुसऱ्याच्या इमारतीतील सर्व्हरवर भाड्याने घेतलेली ती जागा असते. डिस्क भरली की नवी नोंद लिहिता येत नाही आणि काम थांबते.

युनिक्स या प्रणालीत जागा मोजणाऱ्या दोन आज्ञा आहेत. 'डीएफ' संपूर्ण डिस्कची एकूण, वापरलेली व मोकळी जागा सांगते. 'डीयू' एखाद्या फोल्डरमधील फाइलींची बेरीज करते. नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही या दोन्ही आहेत! गंमत अशी, की कधीकधी दोघींचे उत्तर जुळत नाही. चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली फाइल पुसली, तर तिचे नाव जाते. पण तो प्रोग्रॅम ती बंद करीपर्यंत जागा सुटत नाही. डीयू नावे पाहून मोजते, म्हणून तिला ती फाइल दिसत नाही. डीएफ मात्र ती जागा भरलेलीच दाखवते.

आता या आज्ञा रोज हाताने कोण देणार? म्हणून त्या क्रमाने एका फाइलीत लिहून ठेवतात. हीच स्क्रिप्ट. 'क्रॉन' नावाचा प्रोग्रॅम ती ठरल्या वेळी, समजा पहाटे २ वाजता, चालवतो. स्क्रिप्ट डीएफकडून आकडा घेते, तारखेसह वहीत टिपते आणि वापर ८० टक्क्यांवर गेला असेल तर ई-मेल पाठवते.

टिपलेले आकडे फार उपयोगी पडतात. समजा, डिस्क १००० गिगाबाइटची आहे. काल ७६० भरली होती, आज ७७२. रोज १२ ची वाढ आणि शिल्लक २२८. म्हणजे याच गतीने १९ दिवस. '७७ टक्के' या आकड्यापेक्षा '१९ दिवस' हा आकडा माणसाला लवकर हलवतो.

परंतु स्क्रिप्टवर किती विसंबावे? गिटलॅब ही कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम साठवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरील फोल्डर रिकामे करायचे होते. ती आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एकदोन सेकंदांत चूक उमगली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसली गेली होती. उरली ४.५ गिगाबाइट.

बॅकअप होताच ना? रोज बॅकअप घेऊन क्लाउडमध्ये ठेवणारी स्क्रिप्ट होती. क्लाउडमधली जागा उघडून पाहिली तर ती रिकामी! माहितीसाठा पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीत होता आणि स्क्रिप्ट ९.२ चे साधन वापरत होती, त्यामुळे काम अर्ध्यातच थांबे. तसे कळवणारे ई-मेलही निघत. पण त्यांवर लागणारी इलेक्ट्रॉनिक सही नव्हती, म्हणून पत्र घेणारा सर्व्हर ते नाकारी. कार्यालयात शांतता होती आणि सगळ्यांना वाटे, ठीक चालले आहे.

सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणी हाताने एक प्रत काढली होती, तीच कामी आली. प्रोग्रॅम वाचले, मात्र त्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली.

आता आपली वरची स्क्रिप्ट त्या रिकाम्या जागेवर चालवून पाहा. वापर शून्य टक्के, म्हणजे ८० पेक्षा कमी. ती गप्पच बसेल! म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टला खालची मर्यादाही लागते: आजच्या तारखेची फाइल आहे का? ती कालच्यापेक्षा फारच लहान नाही ना? आणि काम बिघडले तरच नव्हे, तर नीट झाले तरीही रोज निरोप यावा. तो निरोप आला नाही तर ओरड करण्याचे काम मात्र दुसऱ्या यंत्राकडे द्यावे लागते. ते पहिल्याच यंत्राकडे का देता येत नाही, हे वर्गात एकमेकांना समजावून सांगा.