जुनी पट्टी बंद करू का?

गेल्या वर्षीचा एप्रिल. उन्हाळ कांदा काढून खळ्यावर पडलेला, मजूर मिळेना, आणि माझी कंबर धरलेली. पाठीवर पंप घेऊन पंधरा वर्षं डाळिंबावर फवारण्या केल्यावर मणका कुरकुरणारच. सटाण्यात डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ एक. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा ठणका. गोळी लागू पडेना म्हणून मालेगाव गाठलं. तिथे दुसरी मिळाली. नाव वेगळं, पट्टी वेगळी, गोळीचा रंगही वेगळा. पहिलीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरी येऊन शेतकऱ्याचा हिशेब केला: पैसे मोजून आणलेल्या गोळ्या टाकायच्या कशाला? दोन्ही चालू ठेवल्या.

दोन्ही पट्ट्यांवर बारीक अक्षरांत एकच मजकूर होता. असिक्लोफिनॅक 100 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325. असिक्लोफिनॅकची दिवसाची मर्यादा 200. मी बारा दिवस 400 घेत होतो. त्यात माझी बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध, दोन्ही एकात. आणि भर उन्हात खळ्यावर दिवस काढून पाणी प्यायचो जेमतेम दोन तांबे. हे सगळं एकत्र आलं की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतोय, मग काय होतंय, या भरवशावर मी होतो. ती पोट सांभाळते. किडनीला ती वाचवत नाही.

आधी ओळखलं आईने. चप्पल पायात जाईना तेव्हा म्हणाली, "पाय सुजी ग्यात तुना." लघवीही कमी झाली होती, मी ती उन्हावर ढकलली होती. रक्त तपासलं तर क्रिएटिनीन 2.9, म्हणजे किडनी बिघडल्याची खूण.

असिक्लोफिनॅकच्याच जातीचं डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून 2006 साली आपल्याकडे जनावरांसाठी ते बंद झालं. 2023 साली असिक्लोफिनॅकही बंद झालं. माणसांना दोन्ही चालतात, मोजून-मापून घेतली तर. पण गाईला काय टोचतात हे विचारणारा मी, स्वतःच्या पट्टीची मागची बाजू कधी वाचली नव्हती.

घाबरून दुसरी चूक केली. ठणक्याच्या गोळ्या बंद झाल्याच, त्यांच्याबरोबर दोन महिने चालू असलेली नसांची गोळी, प्रेगाबॅलिन, तीही मी एका दिवसात सोडली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, घामाने उशी ओली, छातीत धडधड. ही गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पायरीपायरीने उतरवायची असते, आणि किडनी अशक्त असेल तर तिचा डोसही कमी करावा लागतो. ठणक्याची दुसरी एक गोळी, ट्रामाडॉल, तीसुद्धा बरेच दिवस घेतल्यावर झटक्यात सोडायची नसते. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतली तर झटके येण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे एक औषध त्याच दिवशी थांबवायचं, दुसरं हळूहळू. आणि मी नेमकं उलटं केलं.

म्हणून गोळी बदलून मिळाली की खुर्चीवरून उठण्याआधी एवढंच विचारा: "जुनी बंद करू का? आजपासून, की कमी करत?" बीपी, साखर, हृदय, मन, झोप, जे काही चालू असेल त्याच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, तोंडी नावं सांगू नका, ती चुकतात. मेडिकलमध्ये 'तीच द्या, दुसऱ्या कंपनीची' म्हणालात तर ब्रँडखालचं मूळ नाव जुळवून घ्या. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी शेजाऱ्याकडेच राहू द्या. जुलाब-उलट्या होत असतील किंवा पाणी पोटात जात नसेल, तर ठणक्याची गोळी घेण्याआधी फोन करा. शौच काळं झालं, पाय सुजले, लघवी कमी झाली, तर वाट बघू नका. मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर कांदा खळ्यावर राहू द्या आणि त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

माझं क्रिएटिनीन सात आठवड्यांनी 1.3 वर आलं. कंबर अजून दुखते. सकाळी व्यायाम, शेक आणि गरज पडली तर साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून. परवा पिशवी घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी त्यातल्या तीन पट्ट्या बाजूला काढल्या आणि कात्रीने कापून टाकल्या.