मनूस, एका न आलेल्या फोनबद्दल

कसबा पेठ, पुणे
रविवार

चि. मनूस,


हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, म्हणून लिहायला बसलो.

परवा संकष्टीला कसबा गणपतीला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर आलो तर आपल्या जुन्या शेजारणीचा मुलगा भेटला. नाव लिहीत नाही, तुला कळेल. आता पंचेचाळिशी उलटली आहे त्याची. कामधंद्याची चौकशी केली तर म्हणाला, प्रॉडक्ट हेडच्या जागेसाठी एका कंपनीत मुलाखती दिल्या, सहा फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीतल्या मॅडमचं नाव त्यानं सांगितलं आणि मी प्रसादाचा द्रोण हातात धरून तसाच उभा राहिलो. तू माझी भाची आहेस हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगायला जीभ उचलली नाही.

मनू, तो तक्रार करत नव्हता, नुसतं घडलं ते सांगत होता. तू अर्धा वेळ लॅपटॉपवर टाइप करत होतीस. पुण्यात पेट्रोल पंप किती असतील, असं विचारलंस. वीस-पंचवीस मिनिटांत ‘आम्ही कळवतो’ म्हणून उठलीस. त्याच्या आधीच्या फेरीसाठी त्यानं दोन रात्री जागून तुमच्याच अॅपच्या अडचणीवर प्रेझेंटेशन केलं होतं. या सगळ्याला तीन आठवडे झाले. ना फोन, ना मेल. एचआरला दोनदा विचारलं, तर ‘प्रोसेस चालू आहे’ एवढंच उत्तर.

त्याला घे असं मी म्हणत नाही. वशिल्यानं माणसं भरणाऱ्यांशी मी नोकरीभर भांडलो, तुझ्या आईला विचार. तो त्या जागेच्या कामाचा नसेलही. मग तसं सांग. पण तीन आठवडे माणसाला टांगून ठेवायचं?

त्या पेट्रोल पंपांचं एकदा बोलतो आणि सोडून देतो. गूगलमध्ये माणसं नेमण्याचं खातं सांभाळणाऱ्या लास्लो बॉक यांनी २०१३ सालीच जाहीर सांगितलं की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. त्यातून उमेदवाराचं काही कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखं वाटतं. ज्यांच्यामुळे ही टूम गाजली त्यांनी ती टाकली, आणि तू अजून धरून बसली आहेस.

तुला खांद्यावर घेऊन मी तांबट आळीतून जायचो ते आठवतं? ठोक्यांच्या आवाजानं तू दोन्ही कान झाकायचीस आणि तरी ‘थांब, थांब’ म्हणायचीस. भांडं घडवून झालं की त्यावर मठारकाम करतात. एकाशेजारी एक, ओळीनं हातोडीचे ठोके. एक म्हातारे तांबट होते. भांडं दाराशी उजेडात धरून हळूहळू फिरवायचे आणि एखाद्या जागी अंगठा टेकवून म्हणायचे, ‘इथं हात हलला.’ आपल्याला तिथं काहीच दिसायचं नाही. मग त्यांनी दाखवलं की तेवढंच दिसायचं.

एवढ्या मोठ्या जागेसाठी येणारी माणसं चकाकी घेऊनच येतात. वीस वर्षांत बोलणं गुळगुळीत झालेलं असतं. त्यांचं एकच प्रॉडक्ट घे आणि उजेडात फिरव. काय करायचं नाही हे कुणी ठरवलं? तेव्हा कंपनीत कोण विरोधात होतं? कुठलं फीचर बंद करावं लागलं आणि ते गिऱ्हाइकाला कुणी जाऊन सांगितलं? उत्तरात ‘आम्ही’ आलं की थांबव आणि विचार, यात तुम्ही स्वतः काय केलंत? हाताखालच्यांची नावं आपणहून घेतात का, तेही ऐक. आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचार, नाहीतर तुलना कशाशी करणार? पॅनेलमधल्या प्रत्येकानं आपलं मत चर्चेआधी कागदावर लिहून ठेवावं. साहेब एकदा बोलले की बाकीच्यांना तेच आधीपासून वाटत असतं, हे मी पर्सोनेलमध्ये तीस वर्षं पाहिलं. आणि तुमची चालू अडचण उमेदवाराकडून फुकट सोडवून घेऊ नका. द्यायचीच असेल तर जुनी, निकाल लागलेली द्या, नाहीतर त्याचे पैसे द्या.

आपल्या पुण्यातलंच बघ. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. धाकटा भाऊ संजय यानं अँटिव्हायरस लिहिला आणि नव्वदच्या दशकात दोघांनी तो ‘क्विक हील’ नावानं बाजारात आणला. २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली. गिऱ्हाइकाचं यंत्र कुठं आणि कसं बिघडतं हे दुरुस्तीच्या टेबलावर कळलेला माणूस म्हणजे कैलास. असा कुणी तुझ्यासमोर बसला, अडखळत बोलला, तर पंचवीस मिनिटांत तुला त्याचा पत्ता लागेल का? लॅपटॉपवर टाइप करता करता?

आता जे तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही ते सांगतो.

१९८७ सालची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांचा, पिंपरीच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात नवा पर्सोनेल ऑफिसर. डिझाइन विभागाच्या प्रमुखाची जागा भरायची होती. इचलकरंजीहून एक गृहस्थ रात्रीच्या एसटीनं आले. पंचेचाळिशीचे. कापडी पिशवीत ड्रॉइंगची गुंडाळी, तिला सुतळी बांधलेली. सकाळी नऊपासून बाकावर बसले होते, मी आत बोलावलं चारला. त्यांनी सुतळी सोडायला घेतली. गाठ निरगाठ झाली होती, बोटांनी सुटेना. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘राहू द्या, कळवू आम्ही.’ ती गुंडाळी मी उघडून पाहिलीच नाही.

नकाराचं पत्र टाइप होऊन माझ्या खणात पडलं होतं. पहिल्या पसंतीचा माणूस ऐन वेळी आला नाही तर यांना बोलावता येईल, म्हणून मी ते अडवून ठेवलं. दोन महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. ‘निर्णय काहीही असो, कृपया कळवावा. मुलांचे शाळाप्रवेश अडले आहेत.’ ते वाचूनही मी आठवडाभर काही केलं नाही. उत्तर टाकलं तेव्हा जून निम्मा सरला होता.

पुढे सुधा मूर्तींची हकिकत वाचली. १९७४ साली, सुधा कुलकर्णी असताना, टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. थोड्याच दिवसांत तारेनं उत्तर आलं: पुण्याला मुलाखतीला या, जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. एवढ्या मोठ्या कंपनीनं एका विद्यार्थिनीच्या रागावलेल्या कार्डाला तार केली. आणि त्याच पिंपरीत, तेरा वर्षांनी, मला एका कार्डाला वेळेवर साधं उत्तर देववलं नाही. सगळे ते वाचून त्या मुलीचं कौतुक करत होते. मी उठून गॅलरीत गेलो.

ते पोस्टकार्ड अजून माझ्या ट्रंकेत आहे. म्हणून मंदिराबाहेर त्या पोराचं ऐकताना मला तू दिसत नव्हतीस, मीच दिसत होतो.

फार बोललो का? तू वाईट नाहीस, मनू, हे मला सांगायला नको. एका महिन्यात पंधरा-वीस मुलाखती, त्यावर आपलं काम, घरी पोर तापलेलं. ताई म्हणाली, तू जेवणसुद्धा लॅपटॉपसमोर करतेस. ते ऐकून मला आधी तुझीच काळजी वाटली, रागावलो ते नंतर.

तुझं कॉलेज संपलं त्या वर्षी त्या पहिल्या कंपनीनं अकरा दिवस काही कळवलं नव्हतं. तू वाड्याच्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसून रडायचीस. फोन वाजला की धावायचीस. आजी थालीपीठाची ताटली तुझ्या शेजारी ठेवून काही न बोलता आत जायची. अकरा दिवस होते ते, आणि तू बावीस वर्षांची होतीस, पाठीशी आम्ही सगळे होतो. त्याच्या पाठीशी दोन मुलं आणि घराचे हप्ते आहेत.

उद्या सकाळी त्याला तू स्वतः फोन कर. एचआरला सांगू नकोस. नाही असेल तर नाही म्हण, का ते सांग, आणि त्यानं जागून केलेल्या कामाबद्दल आभार मान. माझं नाव घेऊ नकोस.

आणि शनिवारी पोराला घेऊन ये. पिंपरीहून मेट्रो आता थेट कसबा पेठेत येते, गाडी काढू नकोस. आजीचा थालीपीठाचा तवा मामीनं काढून ठेवला आहे.

तुझा,
मामा